पिकअपचे पाटे वाढवण्याआधी हा मेसेज वाचा



टोमॅटोचे तोडे सुरू झाले आणि दरवर्षीचा प्रश्न परत आला. गेल्या आठवड्यात एका सभासदाचा फोन आला होता. त्यांची पिकअप जुनी आहे. शंभर क्रेट भरले की मागून बसते, खड्ड्यात चाक वर घासतं. मिस्त्री म्हणाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घ्या, मग शंभर काय, सव्वाशे भरा. "घेऊ का वाढवून?" असा त्यांचा प्रश्न.

आमचं उत्तर आहे, घेऊ नका. पाटे वाढवल्याने गाडीची ताकद वाढत नाही. गाडी बसलेली दिसत नाही, एवढाच फरक पडतो. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आज गाडीखाली काय काय असतं ते सगळं सांगतो. मेसेज लांब आहे. जमलं तर गाडीजवळ उभं राहून वाचा, म्हणजे वाचता वाचता बघता येईल.

एक सूचना आधीच. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाऊ नका. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. यातलं बरंचसं चाकाच्या मागून वाकून, मोबाईलच्या टॉर्चवर दिसतं. खाली झोपायची गरज नाही.

*पाटे कसे काम करतात*

मागच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा जाड नळ्यासारखा भाग आहे, मध्ये फुगलेला, ते हाऊसिंग. त्याच्या दोन्ही टोकांजवळ चासीला समांतर पट्ट्यांची एकेक चळत दिसेल. तेच पाटे. कोणी त्याला कमान म्हणतं.

सगळ्यात लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्याला डोळा म्हणतात. पुढचा डोळा चासीला पिन आणि बुश घालून पक्का बसवलेला असतो. मागचा डोळा मात्र थेट चासीला नसतो. मध्ये दोन छोट्या पट्ट्यांची एक झुलती कडी असते, ती शॅकल. का, तर कमान दाबली की सरळ होते आणि सरळ झाली की टोकाकडून लांब होते. त्या वाढलेल्या लांबीला जागा द्यायला शॅकल मागे झुलते. शॅकलची पिन गंजून जाम झाली, तर पाट्याला हलायला जागा उरत नाही. मग हादरा सरळ चासीला जातो आणि मेन पाटा डोळ्याजवळ तुटायची भीती असते. ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस मारणं हे पन्नास रुपयांचं काम आहे, आणि नेमकं तेच आपण विसरतो. निप्पल नसेल आणि रबरी बुश असेल तर ग्रीस लावू नका, त्याने रबर खराब होतं. चिरलेलं, एका बाजूला दबलेलं बुश दिसलं तर सरळ बदला.

मेन पाट्याखालचे पाटे एकेक करत आखूड होत जातात. कारण वाकण्याचा ताण मधोमध, हाऊसिंगवर, सगळ्यात जास्त असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. जिथे ताण जास्त तिथे लोखंड जास्त, असा साधा हिशेब आहे. बऱ्याच पिकअपमध्ये सगळ्यात खाली एखादा जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. गाडी रिकामी असताना त्याची टोकं वरच्या पाट्याला टेकलेली नसतात. माल भरून वरचे पाटे दबले की तो कामाला लागतो. म्हणजे भरल्या गाडीसाठीचा जादा पाटा कंपनीने हिशेब करून आधीच दिलेला आहे.

*शॉकअप वजन उचलत नाही*

हा गैरसमज फार आहे. "गाडी बसते, शॉकअप गेले वाटतं" असं आपण सहज म्हणतो. शॉकअप वजन धरत नाही, वजन पाटेच धरतात. शॉकअपचं काम एकच, पाटा एकदा दबून उसळला की त्याला पुन्हा पुन्हा उसळू न देणं. पाळण्याला झोका दिला की तो कितीतरी वेळ हलत राहतो, हाताने धरला की थांबतो. शॉकअप म्हणजे तो धरणारा हात. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळी तिथे जिरते.

म्हणून गाडी बसत असेल तर शॉकअप बदलून काही होणार नाही. उलट खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, वळणावर झुलत असेल, टायर जागोजागी खपाटीसारखा झिजला असेल, तर शॉकअपकडे बघा. बाहेरून तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तो गेला असं समजा. बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदला.

माल खराब होण्याशी याचा थेट संबंध आहे. प्रवासात सगळ्यात जास्त हादरे हौद्याच्या मागच्या टोकाला बसतात, आणि थप्पीत सगळ्यात वरच्या क्रेटला. खालच्या क्रेटवर वजन असतं म्हणून त्यातला माल दबून राहतो. वरच्या क्रेटमधला टोमॅटो मोकळा असतो, तो उडून आपटतो. सकाळी भरताना लक्षात येत नाही, बाजारात उतरवताना डाग आणि पाणी सुटलेलं दिसतं आणि व्यापारी तेच क्रेट उघडतो. तेव्हा जास्त पिकलेला, लाल माल पुढे केबिनच्या बाजूला लावा. कच्चा, टणक माल मागे. वरच्या थरावर ताडपत्री घट्ट ओढून बांधा.

*यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट: इथे डोळे उघडे ठेवा*

सगळ्या मेसेजमधला हा भाग जास्त महत्त्वाचा.

पाट्यांच्या मधोमध एक भोक असतं आणि त्यातून सगळे पाटे एकत्र धरणारा एक बोल्ट जातो, तो सेंटर बोल्ट. त्याचं डोकं हाऊसिंगवरच्या बैठकीच्या खळग्यात बसतं. त्यामुळे हाऊसिंग पुढे-मागे सरकत नाही. पण हा बोल्ट बारीक असतो. तो फक्त जागा दाखवतो, भार धरणं त्याचं काम नाही. पाटे आणि हाऊसिंग एकमेकांवर आवळून धरण्याचं खरं काम दोन्ही बाजूंच्या दोन-दोन यू-बोल्टचं.

यू-बोल्ट ढिले झाले की काय होतं, ते मागच्या हंगामात आपल्याच एका सभासदाला बघावं लागलं. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, नाव देत नाही. त्यांनी पाटे वाढवून घेतले होते. वाढवणाऱ्याने यू-बोल्ट जुनेच लावले. काम झाल्यावर पुन्हा आवळायला गाडी कोणी नेली नाही, आणि न्यायची असते हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात भरलेली गाडी माळशेज घाटातून कल्याणला निघाली. उतारावर स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. ड्रायव्हर शहाणा, त्याने रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. खाली बघतो तर एका बाजूचे यू-बोल्टचे नट हाताने फिरत होते. सेंटर बोल्ट तुटला होता. त्या बाजूचं हाऊसिंग चार बोटं मागे सरकलं होतं आणि टायर हौद्याच्या पत्र्याला घासून तापला होता. पाऊस चालू. दुसरी गाडी बोलावून सगळे क्रेट घाटात, पावसात उतरवून भरले. माल पोचला तेव्हा बाजार उठत आला होता. माणूस कोणी दुखावला नाही. आणखी दोन वळणं गाडी तशीच उतरली असती तर हा मेसेज वेगळा लिहावा लागला असता.

यातून लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. पाट्याचं कुठलंही काम केलं तर यू-बोल्ट आणि त्याचे नट नवीनच घाला. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो, दुसऱ्यांदा तो तेवढा धरत नाही. आवळताना चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून, टॉर्क पान्याने आवळायला सांगा. किती टॉर्क ते गाडीच्या पुस्तकात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिळतं. पाइप घालून जोर लावणे म्हणजे टॉर्क नव्हे. आणि काम झाल्यावर एक-दोन भरलेल्या फेऱ्या झाल्या की परत नेऊन आवळून घ्या. नवीन पाटे एकमेकांवर बसतात, मधला रंग-गंज दबतो आणि पकड थोडी सैल होते. यात मिस्त्रीची चूक असतेच असं नाही, ते होणारच असतं.

गाडी सरळ चालते का, हे बघायची सोपी रीत: सरळ रस्त्यावर कोणाला तरी मागून मोटारसायकलवर यायला सांगा. गाडी खेकड्यासारखी तिरकी जाताना दिसली तर हाऊसिंग सरकलेलं आहे. त्या दिवशी माल भरू नका. यू-बोल्टच्या नटाभोवती गंजाची लालसर ताजी भुकटी किंवा घासून चकाकणारी रेघ दिसली, तर तिथे हालचाल चालू आहे. पाटा तुटतो तोही बहुतेक मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून. भोकामुळे तिथे लोखंड आधीच कमी, आणि यू-बोल्ट ढिला असला की नेमका तिथेच तो वाकत राहतो.

*मग दोन पाटे वाढवले तर बिघडलं कुठे?*

समजा एका बाजूला पाच पाटे आहेत. त्याच मापाचा सहावा घातला, तर कडकपणा ढोबळमानाने पाचवा हिस्सा वाढतो. पण मिस्त्री बहुतेक वेळा जाड पाटा घालतो, आणि जाडीचा हिशेब वेगळा असतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला, तर जाडी पावपटच वाढली, पण तो पाटा जवळपास दुप्पट कडक झाला. म्हणूनच "दोनच तर घातले" म्हणता म्हणता गाडी दगड होते. शंभर क्रेट घालून ती बसत नाही हे खरं. पण तीच गाडी वीस-पंचवीस क्रेट घेऊन किंवा रिकामी येताना प्रत्येक खड्डा जशाचा तसा वर पाठवते. पंचवीस क्रेटच्या फेरीत माल जास्त खराब होतो अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी पाटे मोजून बघावेत.

आणि भरलेलं असताना? पाटे दबत नाहीत म्हणून वजन कुठे गायब होत नाही. ते हाऊसिंगवर, चाकाच्या बेअरिंगवर, चाकाच्या बोल्टवर, टायरवर आणि चासीवर येतंच. यातलं काहीही मिस्त्रीने वाढवलेलं नसतं. चासीला तडा जातो तो बहुतेक पाट्याच्या हँगरजवळ, तिथे टॉर्च मारून बघा.

ब्रेकचं तर विचारू नका. वजन दीडपट तर उतारावर गाडी थांबवायला ब्रेकला दीडपट काम, आणि तेवढीच जास्त उष्णता. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी बऱ्याच मिस्त्रींनाही माहीत नसते. काही पिकअपमध्ये चासी आणि हाऊसिंगच्या मध्ये एक दांडी किंवा स्प्रिंग लावलेला ब्रेकचा वॉल्व्ह असतो. मागचा भाग किती खाली बसला आहे यावरून तो ठरवतो की मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा. गाडी रिकामी तर कमी, भरलेली तर जास्त. पाटे वाढवून मागचा भाग उंच केला की या वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. वर शंभर क्रेट, आणि मागच्या ब्रेकला दाब रिकाम्या गाडीचा. तुमच्या गाडीला असा वॉल्व्ह आहे का ते बघून ठेवा. पाट्याचं काम झाल्यावर त्याचं सेटिंग सर्व्हिस सेंटरलाच तपासून घ्यायचं.

चासीच्या खाली, हाऊसिंगच्या बरोबर वर, एक रबरी ठोकळा असतो. पाटे पूर्ण दबले तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो दिलेला आहे. तुम्ही किती भरता याचा तो साक्षीदार आहे. ठोकळ्याचं तोंड घासून गुळगुळीत झालं असेल, फाटला असेल किंवा नुसती पट्टीच उरली असेल, तर गाडी नेहमी तिच्या मर्यादेपलीकडे भरली जाते.

*किती क्रेट भरायचे, हे आरसीवर लिहिलेलं आहे*

आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, एक भरलेल्या गाडीचं एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही चढवू शकता ते सगळं वजन, माणसांसकट. समजा फरक १,५०० किलो आहे. ड्रायव्हर आणि सोबत दोघं, ताडपत्री, दोर, जाळी मिळून २०० किलो धरा. उरले १,३००. आपलं टोमॅटोचं क्रेट २० किलोचं म्हणतो, पण रिकामं क्रेटच दीड-दोन किलोचं असतं, म्हणजे २२ धरा. झाले ५९ क्रेट. शंभर क्रेट म्हणजे २,२०० किलो, गाडीच्या हिशेबापेक्षा ९०० किलो जास्त. ज्यांनी नंतर लोखंडी जाळी, जड हौदा करून घेतला आहे त्यांनी रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घालावी, आरसीवरच्या आकड्यावर जाऊ नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि जादा असलेल्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये आहेत. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीचे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यायला सांगू शकतात, आणि टोमॅटोच्या बाबतीत ते दंडापेक्षा महाग पडतं. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते ती वेगळीच.

*पाटे खरंच बसले असतील तर*

जुन्या गाडीचे पाटे थकतात, हेही खरं आहे. ते ओळखायला रिकामी गाडी सपाट जागेवर लावून चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, दर दोन महिन्यांनी परत मोजा. दोन बाजूंत दोन बोटांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा आकडा सारखा कमी होत असेल, तर पाटे दाखवा. बदलायचे तर कंपनीच्याच मापाचे, दोन्ही बाजूंचे एकदम. एका बाजूचे नवे आणि दुसरीकडे जुने असले की गाडी कलते.

दोन गोष्टी अजिबात करू देऊ नका. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग, आणि भट्टीत तापवून कमान मारणं. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, विळ्याला लोहार देतो तसंच. वेल्डिंगच्या किंवा उघड्या भट्टीच्या आचेने ते पाणी उतरतं. वेल्ड टिकेल, त्याच्या शेजारी पाटा तुटेल. थंडच ठोकून कमान मारली तर गाडी महिनाभर उंच दिसते आणि परत बसते.

पुढच्या चाकांचं थोडक्यात. काही पिकअपला पुढेही पाटे असतात, काहींना कॉइल स्प्रिंग, काहींना टॉर्शन बार. कॉइल किंवा टॉर्शन बार असेल तर बॉल जॉइंट असतो, त्याचं रबर फाटलं की आत पाणी-माती जाते. स्टेअरिंग थरथरतं, टायर एकाच कडेने झिजतो, खड्ड्यात पुढून टकटक येते, यातलं काहीही असलं तर थांबू नका. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं.

दुसरी फेरी परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. भाव पडलेला असला की क्रेटमागचं भाडं वाचवायला माणूस वीस क्रेट जास्त चढवतोच. त्यासाठी या हंगामात असं ठरवलं आहे: ज्यांचा माल गाडीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघणार आहे, त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत याच नंबरवर गावाचं नाव आणि क्रेटची संख्या पाठवा. एका रस्त्यावरच्या दोघा-तिघांचा जादा माल मिळून मोठी गाडी होत असेल तर ती आम्ही बघू, भाडं क्रेटच्या हिशेबात वाटून घेऊ.

गाडीखालचा फोटो काढून पाठवला तरी चालेल. यू-बोल्टचे चारही नट, पाट्याची दोन्ही टोकं आणि तो रबरी ठोकळा, एवढं फोटोत दिसू द्या. टॉर्च लावून काढा, अंधारातल्या फोटोवरून काही सांगता येत नाही.